घन पदार्थ वाहतो तेव्हा : आंरी ट्रेस्का

मेकॅनिकलच्या थर्ड इयरपर्यंत पोहोचलेल्या कुणालाही ट्रेस्का हे नाव पाठ असतं. मॅक्झिमम शीअर स्ट्रेस थिअरी, म्हणजेच ट्रेस्काचा निकष. पेपरात षटकोन काढायचा, त्याच्याभोवती फॉन मिझेसचं लंबवर्तुळ काढायचं, खाली दोन ओळी लिहायच्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. व्हायवात एक्स्टर्नलनी विचारलंच तर व्याख्या सांगून सुटायचं. बस्स, ट्रेस्काशी आपला संबंध एवढाच.

मला मात्र एक प्रश्न बरेच दिवस सतावत होता. हा माणूस होता कोण? आणि त्याला हे सुचलं कसं? ग्राफ पाहिला की वाटतं, कुणीतरी गणिती दिवाणखान्यात बसून आखलेला षटकोन असणार. शोधायला गेलो तर गोष्ट निराळीच निघाली. ही थिअरी जन्मली ती पंच आणि डायखाली, शिशाच्या चकत्यांमध्ये. आपल्या वर्कशॉपमध्ये जो पॉवर प्रेस धाडधाड आवाज करत असतो, त्याच्याशी तिचं थेट रक्ताचं नातं आहे. म्हणून म्हटलं, यंदाच्या अंकासाठी ट्रेस्कांवरच लिहावं.

आंरी एदुआर ट्रेस्का यांचा जन्म १२ ऑक्टोबर १८१४ चा, फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या डंकर्क या बंदराच्या गावचा. हुशार पोरगा. पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये शिकला. आपल्याकडे आयआयटीला जो मान आहे, त्याहून काकणभर जास्तच मान त्या काळी फ्रान्समध्ये या कॉलेजला होता. कोशी, नाव्हिए, पुआसाँ ही पुस्तकात भेटणारी मंडळी त्याच परंपरेतली. तिथून बाहेर पडल्यावर ट्रेस्कांचा बेत साधा होता. इमारती, पूल, मोठी बांधकामं यांचं डिझाइन करायचं, म्हणजे आजच्या भाषेत सिव्हिलमध्ये करिअर.

पण गंभीर आजारपण आलं आणि त्या बेताला खीळ बसली. पुढची बरीच वर्षं त्यांनी शिकवण्यात, कारखान्यांची कामं करण्यात आणि पाण्यावर चालणाऱ्या यंत्रांच्या चाचण्या घेण्यात घालवली. बरोबरीचे लोक नाव कमावत असताना हा माणूस यंत्रं तपासत होता. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असेल, संपलं याचं.

१८५२ मध्ये ते पॅरिसच्या काँझर्व्हातवार दे झार ए मेतिए या संस्थेत इंजिनीअर म्हणून रुजू झाले. नाव उच्चारताना जीभ अडखळते, पण संस्था मोठी लोभस आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९४ मध्ये, यंत्रं आणि हत्यारं जपण्यासाठी व कारागिरांना ती समजावून देण्यासाठी ती काढली. जागा मिळाली ती एका जुन्या मठाची. एका बाजूला चर्चच्या उंच कमानी आणि त्यांच्याखाली चाकं, दट्टे, बॉयलर! तिथले प्रमुख होते जनरल आर्थर मोरँ. घर्षणाचे नियम शिकताना ज्यांच्या प्रयोगांचा उल्लेख येतो, तेच हे मोरँ. कुणी नवं यंत्र काढलं की त्याचा दावा खरा की खोटा, हे तपासण्याचं काम या संस्थेकडे येई, आणि हे काम ट्रेस्कांच्या हाताला छान बसलं. १८६१ मध्ये त्यांनी लन्वार यांच्या गॅस इंजिनाची चाचणी घेतली. बाजारात चाललेलं पहिलं अंतर्ज्वलन इंजिन म्हणून ज्याचं नाव आपण घेतो, तेच हे इंजिन. गाजावाजा खूप होता. ट्रेस्कांनी शांतपणे मोजमाप केलं आणि कार्यक्षमता निघाली साधारण चार टक्के! ढोल कितीही वाजवा, डायनॅमोमीटर खोटं बोलत नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, टेस्टिंग लॅबमधला एक प्रामाणिक माणूस, यात काय एवढं? खरी गोष्ट इथूनच सुरू होते. १८६४ साली, वयाच्या पन्नाशीत, ट्रेस्कांनी एक नवाच विषय हातात घेतला. या वयात आपल्याकडे लोक पीएफचा हिशेब काढायला बसतात.

प्रश्न वरवर बावळट वाटेल असा होता. घन पदार्थ वाहतो का? पाणी वाहतं, तेल वाहतं हे पोरालाही कळतं. पण शिसं? तांबं? लोखंड? लोहार रोज तापल्या लोखंडाला आकार देत होते, टांकसाळीत नाणी पाडली जात होती, कारखान्यात प्लेटला भोकं पाडली जात होती. ते सगळं होत असताना धातूच्या पोटात काय चालतं, कोणता कण कुठून निघून कुठे पोहोचतो, हे कुणी नीट पाहिलंच नव्हतं. लवचिकतेचं, म्हणजे इलॅस्टिसिटीचं गणित तोवर चांगलं पुढे गेलं होतं. पण ते भार काढला की धातू मूळपदावर येतो तिथवरच चालायचं. धातू कायमचा वाकला, दबला, कापला गेला की गणित हात वर करायचं.

ट्रेस्कांची युक्ती इतकी साधी होती की हेवा वाटावा. त्यांनी शिशाच्या गोल चकत्या एकावर एक रचल्या. ही चळत एका जाड दंडगोलात ठेवली, ज्याच्या तळाला मधोमध भोक होतं. वरून प्रेसने जबरदस्त दाब दिला. शेवेच्या सोऱ्यात पीठ भरून दांडा दाबावा तसं शिसं खालच्या भोकातून कांडीसारखं बाहेर आलं. मग ती कांडी त्यांनी उभी मधोमध चिरली. आत काय दिसलं? प्रत्येक चकती ताणून लांब नळी झाली होती आणि एका नळीच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी, अशी कांद्याच्या पापुद्र्यांसारखी रचना झाली होती. थर तुटले नव्हते, एकमेकांत कालवलेही गेले नव्हते. शिसं थंड होतं, घट्ट होतं, आणि तरीही ते एखाद्या दाट द्रवासारखं शिस्तीत वाहिलं होतं. नोव्हेंबर १८६४ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे त्यांनी आपला पहिला निबंध ठेवला. विषय होता, प्रचंड दाबाखाली घन पदार्थांचं वाहणं.

मग ते पंचिंगकडे वळले. शिशाच्या ठोकळ्यावर पंच दाबायचा, खालच्या डायमधून टिकली पडू द्यायची आणि मग सगळं चिरून पाहायचं. इथे त्यांना एक गंमत सापडली. ठोकळा बराच जाड असेल तर बाहेर पडलेली टिकली ठोकळ्यापेक्षा कमी उंचीची भरायची. मग उरलेला धातू गेला कुठे? तो पंचखालून बाजूला सरकून ठोकळ्यातच मुरला होता. म्हणजे भोक पाडणं हे नुसतं कापणं नाही. पंच आधी धातूला वाहायला लावतो, बाजूला ढकलतो, आणि शेवटी उरलेला भाग शीअरने सुटतो. आजही पंच केलेल्या भोकाची कड भिंगातून पाहिली तर ही सगळी कहाणी तिथे लिहिलेली असते. वर जरा गोलसर दबलेली कड, मग चकचकीत सरळ पट्टा, मग खडबडीत तुटलेला भाग आणि खाली बोचरा बर.

एक्स्ट्रूजन असो की पंचिंग, ट्रेस्कांनी हिशेब मांडले तेव्हा एकाच गोष्टीकडे बोट जात होतं. धातू वाहू लागतो तो आतला शीअर स्ट्रेस एका ठरावीक मर्यादेला पोहोचला की. प्रत्येक धातूची ही मर्यादा वेगळी, पण प्रयोग बदलला म्हणून ती फारशी बदलत नाही. कूलाँ यांनी १७७३ मध्ये माती आणि दगडाच्या संदर्भात शीअरचा विचार मांडला होता. धातूंसाठी तो प्रयोगांच्या पायावर उभा राहिला तो ट्रेस्कांमुळे. साधा ताण दिला तर सर्वांत मोठा शीअर स्ट्रेस ताणाच्या निम्मा असतो. म्हणून शीअरमधली वाहण्याची मर्यादा यील्ड स्ट्रेंग्थच्या निम्मी. तोच आपला दोन मार्कांचा प्रश्न! १८७० च्या सुमारास साँ-व्हनाँ आणि लेव्ही या गणितज्ञांनी त्यावर समीकरणं बांधली आणि प्लॅस्टिसिटी नावाचं शास्त्र उभं राहिलं. १८७२ मध्ये ट्रेस्का अकादमीच्या मेकॅनिक्स विभागाचे सभासद झाले. पंचिंगवरचा त्यांचा दोनशेहून अधिक पानांचा निबंधही त्याच साली छापून आला.

आता मला ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला तो मुद्दा. ट्रेस्कांनी बर्फ, चिनी मातीचा लगदा आणि बरेच धातू वापरले, पण त्यांचा लाडका होता शिसं. का? मऊ असतं, प्रेसला झेपतं, हे झालं वरवरचं उत्तर. आज आपल्याला आणखी एक कारण ठाऊक आहे. बहुतेक धातूंना थंड स्थितीत ठोकलं, दाबलं की ते घट्ट होत जातात. आतल्या स्फटिकांमधले दोष, ज्यांना आपण डिसलोकेशन म्हणतो, ते वाढतात, एकमेकांत अडकतात, आणि पुढच्या सरकण्याला विरोध करतात. हेच वर्क हार्डनिंग. शिशाचं मात्र तसं होत नाही. खोलीच्या तापमानालाही त्याचे कण नव्याने जुळतात, म्हणजे ते रीक्रिस्टलाइज होतं. जितकं घट्ट होतं तितकंच पुन्हा मऊ पडतं. म्हणून शिशाची मर्यादा जवळपास एकच राहते, आणि म्हणूनच वाहण्यामागचा नियम त्यात इतका स्वच्छ दिसला. डिसलोकेशनची कल्पना पुढे आली ती १९३४ मध्ये. ट्रेस्कांना ती माहीत असणं शक्य नव्हतं. पण निसर्गाने ज्या पदार्थात आपला नियम कमीत कमी पडद्याआड ठेवला होता, नेमका तोच त्यांच्या हाती लागला.

मग या नियमाची सर्वांत कठीण परीक्षा कोण घेतं? शिशाच्या अगदी उलट वागणारा धातू, म्हणजे आपलं स्टेनलेस स्टील. ते ट्रेस्कांनी पाहिलं नाही. क्रोमियम-निकेलच्या स्टेनलेसची पेटंटं जर्मनीच्या क्रुप कंपनीने घेतली १९१२ मध्ये, आणि शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमियमचं न गंजणारं स्टील ओतलं १९१३ मध्ये. पण ट्रेस्कांचं सूत्र घेऊन स्टेनलेसला भोक पाडायला निघालात तर काय होतं, हे करून पाहण्यासारखं आहे.

समजा तीन मिलिमीटर जाडीच्या एसएस ३०४ च्या पत्र्याला वीस मिलिमीटरचं भोक पाडायचंय. कापलं जाणारं क्षेत्रफळ म्हणजे भोकाचा परीघ गुणिले जाडी, साधारण १८८ चौरस मिलिमीटर. ३०४ ची किमान यील्ड स्ट्रेंग्थ २०५ मेगापास्कल. ट्रेस्कांच्या नियमाने शीअरमध्ये तिची निम्मी, म्हणजे १०२. गुणाकार केला की बल येतं सुमारे दोन टन. पण प्रेसच्या माणसाला विचारा, तो हसेल. प्रत्यक्षात ३०४ ची शीअर स्ट्रेंग्थ ५०० मेगापास्कलच्या आसपास धरावी लागते आणि बल निघतं साडेनऊ टनांच्या घरात. जवळजवळ पाचपट! तोच हिशेब साध्या माइल्ड स्टीलचा करा. यील्ड २५०, निम्मी १२५, आणि पंचिंगसाठी धरायची शीअर स्ट्रेंग्थ ३५० च्या आसपास. हा फरक तिपटीच्याही आत राहतो. यील्डच्या आकड्यात माइल्ड स्टील वरचढ, आणि पंच उतरू लागला की स्टेनलेस त्याला मागे टाकतं.

मग ट्रेस्का चुकले का? अजिबात नाही. त्यांचा नियम सांगतो की धातू वाहायला लागेल कधी. वाहताना पुढे तो किती घट्ट होईल, हे त्या धातूच्या स्वभावावर आहे. पंच आणि डायच्या मधल्या अरुंद पट्ट्यात धातू भयंकर ताणला जातो. शिशात आकडा जिथल्या तिथे राहतो, माइल्ड स्टीलमध्ये चढतो, आणि ३०४ मध्ये तो सुसाट चढतो. कारण तिथे डिसलोकेशनच्या गर्दीबरोबर आणखी एक प्रकार घडतो. ३०४ ची मूळ रचना ऑस्टेनाइटची, आणि ती थोडी काठावरच बसलेली असते. जोरात ताणली की तिचा काही भाग मार्टेन्साइटमध्ये बदलतो, जो बराच कडक असतो.

हे मला पुस्तकाआधी आमच्या वर्कशॉपमधल्या काकांनी दाखवलं. त्यांनी पंच केलेली ३०४ ची पट्टी हातात दिली आणि एक लोहचुंबक दिलं. पत्र्याच्या मधल्या भागाला चुंबक ढुंकूनही विचारेना. भोकाच्या कडेला नेलं तर हलकेच ओढ जाणवली. ऑस्टेनाइट चुंबकाला दाद देत नाही, मार्टेन्साइट देतं. डोळ्याला न दिसणारा फेरबदल बोटांना कळला. काकांनी मार्टेन्साइट हा शब्द उच्चारला नाही, एवढंच सांगितलं की स्टेनलेसची कड चावते. म्हणून पंच चांगल्या टूल स्टीलचा हवा, धार उतरलेला तर मुळीच नको, डायचा क्लिअरन्स माइल्ड स्टीलपेक्षा थोडा जास्त ठेवायचा, आणि तेलाची कंजुषी करायची नाही. नंतर त्याच भोकात टॅप फिरवायचा असेल तर तो कडक झालेल्या कडेवर चालणार हे आधीच लक्षात घ्यायचं. भोकाची कड वाकवून कॉलर काढायची असेल तरी तेच, कारण ताणण्याची ताकद तिथे आधीच खर्च झालेली असते आणि भेग तिथूनच सुरू होते. दोन टनांच्या हिशेबाने निवडलेल्या प्रेसवर हे काम घेतलं तर पंच तुटतो, आणि तुटलेला तुकडा कुणाच्या दिशेने उडेल ते सांगता येत नाही. सूत्रात चुकीचा आकडा घातला की पेपरात मार्क जातात. इथे समोर उभ्या माणसाचा डोळा जाऊ शकतो.

पुन्हा ट्रेस्कांकडे येऊ, कारण त्यांचं आणखी एक काम याच अरुंद पट्ट्याशी जोडलेलं आहे. जगासाठी एकच प्रमाण मीटर तयार करायची मोहीम तेव्हा पॅरिसमध्ये सुरू होती, आणि त्यात ट्रेस्का आघाडीवर होते. प्लॅटिनम-इरिडियमची पट्टी कशी असावी? सरळ चौकोनी केली तर तिच्याच वजनाने वाकणार, आणि वाकली की वरच्या पृष्ठभागावरचं अंतर बदलणार. ट्रेस्कांनी तिला इंग्रजी एक्स अक्षरासारखा छेद दिला. वीस मिलिमीटरच्या चौकोनात बसेल असा, कमी धातूत जास्त ताठपणा देणारा. आणि मोजण्याच्या खुणा ठेवल्या मधल्या पट्टीच्या पृष्ठभागावर, जिथे न्यूट्रल प्लेन येतं. पट्टी थोडी वाकली तरी तिथली लांबी जवळपास तशीच राहते. बीमचं बेंडिंग शिकताना न्यूट्रल ॲक्सिसचा कंटाळा येतो ना? जगाचा मीटर सत्तरएक वर्षं त्याच्याच भरवशावर होता.

१८७४ मध्ये याच मिश्रधातूची पट्टी घणाखाली ठोकली जात होती. पट्टी थंड होत लालीच्या जरा खाली आली होती. तेवढ्यात घणाचा घाव बसला आणि पट्टीच्या अंगावर क्षणभर तेजस्वी रेषा उमटल्या. एकमेकींना छेदणाऱ्या, पुन्हा एक्सच्याच आकाराच्या! दुसऱ्या कुणी हे चमत्कार म्हणून सोडून दिलं असतं. ट्रेस्कांनी ओळखलं की धातू सर्वांत जास्त जिथे सरकतो, नेमक्या त्याच रेषांवर सर्वांत जास्त उष्णता निर्माण होते. पुढे त्यांनी धातूच्या बाजूंना मेण लावून, घावानंतर ते किती जागेत वितळलं यावरून उष्णता मोजली. घणाच्या कामाचा मोठा भाग उष्णतेत जातो हे त्यातून दिसलं. आज या पट्ट्यांना ॲडिअबॅटिक शीअर बँड म्हणतात. स्टेनलेसचं पंचिंग करताना हे विसरून चालत नाही. त्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता माइल्ड स्टीलच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी, त्यामुळे उष्णता त्या पट्ट्यातच कोंडून राहते आणि पंचाच्या धारेला भोवते.

मीटरचं काम सोपं गेलं नाही. १८७४ च्या त्या ओतकामातला मिश्रधातू हवा तितका शुद्ध नाही असं ठरलं आणि नवा धातू लंडनहून करून घ्यावा लागला. ट्रेस्कांचा एक्स मात्र कायम राहिला. २१ जून १८८५ रोजी, सत्तराव्या वर्षी, पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं. चारच वर्षांनी, १८८९ मध्ये, त्या छेदाच्या पट्ट्यांना आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आणि देशोदेशी त्या वाटल्या गेल्या. त्याच साली आयफेल टॉवर उभा राहिला. त्याच्या पहिल्या मजल्याखाली चारही बाजूंना ७२ फ्रेंच शास्त्रज्ञ आणि इंजिनीअरांची नावं कोरली आहेत. त्यात ट्रेस्का आहेत. ज्यांना तरुणपणी बांधकामं उभारायची होती आणि आजारपणाने उभारता आली नाहीत, त्यांचं नाव जगातल्या सर्वांत ओळखीच्या बांधकामावर आहे. मध्यंतरी ही नावं रंगाखाली झाकली गेली होती, १९८६-८७ मध्ये ती पुन्हा उजेडात आणली.

मीटरची व्याख्या १९६० मध्ये पट्टीवरून प्रकाशाच्या तरंगलांबीवर गेली. १९१३ मध्ये आलेला फॉन मिझेसचा निकष बऱ्याच धातूंना जास्त अचूक बसतो, हे टेलर आणि क्विनी यांनी १९३१ मध्ये प्रयोगाने दाखवलं. दोघांतला फरक जास्तीत जास्त पंधरा टक्क्यांचा, आणि तोही असा की ट्रेस्कांचा षटकोन आतल्या, म्हणजे सुरक्षित बाजूला पडतो. त्यामुळे सावधपणे डिझाइन करणारा आजही त्याला हाताशी ठेवतो.

मित्रांनो, एसएस ३०४ च्या पट्टीचा पंच केलेला तुकडा आपल्या वर्कशॉपच्या भंगारात नक्की सापडेल. एक चुंबक आणि एक भिंग घेऊन जा. गोलसर कड, चकचकीत पट्टा, तुटलेला भाग आणि बर पाहा, मग कडेवरून चुंबक फिरवा. ट्रेस्कांनी काय पाहिलं आणि शिशाने त्यांना काय दाखवलं नाही, दोन्ही त्या एका तुकड्यात भेटेल.